ढाण्याच्या कण्या

पद्माबाईनं लिंबाची काडी मोडली, अंगणात उकिडवी बसली आणि ढाण्या पिल्लानं ओकून टाकलेलं उचकून पाहिलं. पिवळट पाण्यात ज्वारीच्या भाकरीचे तुकडे होते. एका तुकड्याला मिरचीचं बी चिकटलेलं होतं. तिनं काडीनं तो तुकडा बाजूला केला, तर खाली आणखी दोन बिया निघाल्या.

"भाकर," ती म्हणाली. "आणि वर ठेचा. या मामा, बघा तुम्हीच."

भिवाजी, तिचा सासरा, बाजेवर बसून अंबाडीची दोरी वळत होता. त्यानं मान वर केली, पण तो उठला नाही.

"म्या काय बघू, बाई? तू बघितलंस ते झालं."

"मी याला भाकरीचा कण घालत नाही. वीस दिवस झाले. मग ही पोटात गेली कुठून?"

"कुत्र्याची जात हाये. कुठं बी तोंड घालतं."

"घालत नाही," पद्माबाई ताडकन म्हणाली. "मी शिकवलंय त्याला. 'घे' म्हटल्याशिवाय समोरच्या मातीच्या परळात तोंड घालत नाही, ते दुसऱ्याच्या उकिरड्यात जाईल? कोणीतरी मुद्दाम घालतंय."

भिवाजी पुन्हा दोरीकडे वळला. साडेतीन महिन्यांचं ते तांबूस पिल्लू रांजणाखालच्या ओल्या मातीला पोट टेकून पडलं होतं. पाठीवर काळपट पट्टे होते, म्हणून तातेरावानं हौसेनं नाव ठेवलं होतं ढाण्या. वाघाचं नाव लावलेल्या त्या जिवाच्या बरगड्या एकेक करून मोजता येत होत्या.

तातेराव, पद्माबाईचा नवरा, एसटीत कंडक्टर. आठवड्यातून तीन रात्री मुक्कामाच्या गाडीवर असायचा. वसमतच्या बौद्धवाड्यातलं त्यांचं घर अगदी कडेचं, त्यापलीकडे हळदीची रानं. घरात मागं राहायची पद्माबाई आणि म्हातारा. राखणीला काहीतरी असावं म्हणून दिवाळीनंतर तातेरावानं जिनिंगवरच्या चाँद पाशा वॉचमनकडून हे पिल्लू आणलं. आणलं तेव्हा बरं होतं. आठ-पंधरा दिवसांत मात्र त्याचं पोट बिघडलं. खाल्लेलं ओकायचं, नाहीतर पाण्यासारखं बाहेर पडायचं. पोट नगाऱ्यासारखं आणि पाय काटक्या.

शेवटी जानेवारीच्या सुरुवातीला पद्माबाई त्याला पिशवीत घालून बाजारामागं राहणाऱ्या, जनावरांच्या दवाखान्यातल्या एका निवृत्त स्टॉकमनकडे घेऊन गेली. लोक त्याला डॉक्टरच म्हणत. ओसरीवर एक शेळी, एक कालवड आणि त्यांचे मालक बसलेले होते. स्टॉकमननं पिल्लाचं पोट दाबून पाहिलं, हिरड्या पाहिल्या, आणि सहज विचारलं,

"राहता कुठं?"

तिनं सांगितलं.

त्याचा हात पिल्लावरून उचलला गेला. त्यानं तो धोतराला पुसला.

"मग बराबर आहे. तुमच्याकडं काय, मेलेलं-मुरलेलं सगळंच चालतं. माणसाला पचतं ते, कुत्र्याच्या पोटाला कसं पचावं?"

शेळीवाला हसला. कालवडवाल्यानं दुसरीकडे पाहिलं. पद्माबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज तिनं शाळेत तिसरीच्या वर्गात शिकवताना ठेवते तेवढाच ठेवला.

"जात विचारून झाली. आता औषध सांगा."

त्यानं सांगितलं. एक जंताची पुडी दिली. तांदळाच्या कण्या पातळ शिजवून त्यात गोडं ताक, दिवसातून तीनदा, मोजून, ठरल्या वेळेला. भाकर नाही, तेल नाही, तिखट नाही. "पण तुमच्यानं व्हायचं नाही ते," ती निघाली तसा तो म्हणाला. "शिमग्यापर्यंत टिकलं तर मला येऊन सांगा."

"सांगायला येणारच आहे," पद्माबाई म्हणाली. "याला घेऊनच येते."

घरी येईपर्यंत तिच्या डोळ्यांसमोर तो धोतराला पुसलेला हात होता. सासऱ्याला तिनं सगळं सांगितलं. भिवाजीनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "छप्पन सालापासून या घरात कोणी उष्टं खाल्लं न्हाई. मेलेलं तर त्याच्या बी आधी सोडलं. त्याला काय ठावं?"

त्या दिवसापासून ढाण्या हे पिल्लू राहिलंच नाही, तो पद्माबाईचा खटला झाला. तिनं शाळेतली कोरी उरलेली वही काढून रकाने आखले. सकाळ, दुपार, संध्याकाळ. किती खाल्लं, किती राहिलं, ओकला का, शौचाला कसा झाला. कंट्रोलच्या दुकानातला तांदूळ घरात सणासुदीला शिजायचा. आता त्याच्या कण्या रोज शिजू लागल्या. शेजारची शालूबाई तुराट्यांच्या कुडावरून बघायची आणि म्हणायची, "मास्तरीणबाई, आमाला बी कुत्रं करून ठेवा की तुमच्यात." पद्माबाई कण्या ढवळत राहायची. सकाळी ती स्वतः परळात कण्या वाढायची, पिल्लासमोर बोट धरून "थांब" म्हणायची, मनात दहा मोजायची, मग "घे". तिसरीच्या वर्गाला पाढे शिकवायला लागतो त्याहून कमी वेळ या जिवाला लागला. आठ दिवसांत ते पिल्लू परळासमोर शेपटी आवळून असं बसायला लागलं, की बघणाऱ्याला नवल वाटावं.

दुपारचं खाणं म्हाताऱ्याकडे होतं. शाळा साडेदहाला भरायची. त्याआधी ती सासऱ्याची भाकर, कालवण आणि ठेचा टोपल्यात झाकून ठेवायची, आणि चुलीच्या उबेला कण्यांचं भगुणं. संध्याकाळी आल्यावर विचारायची, "घातल्या का मामा?" भिवाजी म्हणायचा, "परळ चाटूनपुसून ठिवलंय बघ." परळ खरंच लख्ख असायचं. टोपलंही रिकामं असायचं.

एवढं करूनही ढाण्या सुधारत नव्हता. दोन दिवस बरे जायचे, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वहीचे रकाने भरत होते आणि पद्माबाईचा संताप वाढत होता. आज भाकरीचे तुकडे दिसले आणि त्या संतापाला दिशा मिळाली. ती तशीच कुडाजवळ गेली.

"शालूबाई! ओ शालूबाई!"

शालूबाई शेणानं भरलेले हात घेऊन आली.

"आमच्या पिल्लाला शिळी भाकर तुम्ही टाकता का?"

"काय?"

"विचारते तेवढं सांगा. ज्वारीची भाकर आणि ठेचा. आत्ता ओकलंय ते."

शालूबाईनं तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"माझ्या घरात पाच खाणारी हायेत, बाई. भाकर शिळी व्हायला उरावी लागती. अन् उरलीच तर मी कोंबडीला घालीन, तुमच्या भातखाऊ कुत्र्याला काहून घालीन?"

"मग कोण घालतं?"

"मला काय पुसता? आपल्या घरात बघा आधी."

"माझ्या घरात मी आणि म्हातारा माणूस, दोघंच आहोत!"

"मंग दोघांतच बघा," शालूबाई म्हणाली आणि पाठ फिरवून गेली.

पद्माबाई फणफणत आत आली. त्या दिवशी तिनं तिसरीच्या वर्गाला तीन वेळा विनाकारण उभं केलं. संध्याकाळी तातेराव ड्युटीवरून आला. त्यानं सगळं ऐकलं आणि हसला.

"सोड ना. नसंल जगायचं त्याला. चाँद पाशाकडं अजून दोन हायेत."

"मला दुसरं नको. हेच पाहिजे."

"कुत्र्यापायी शेजार तोडशील का?"

"कुत्र्यापायी नाही," ती म्हणाली आणि ताट जरा जोरातच ठेवलं. "त्या माणसाला वाटतं, आपल्या हातानं काही नीट व्हायचंच नाही. आणि इथं आपलेच लोक त्याचं खरं करून दाखवायला निघालेत. मी चोर पकडणार. डोळ्यांनी बघणार आणि चारचौघांत विचारणार."

तातेरावानं बापाकडे पाहिलं. भिवाजी भाकरीचा चतकोर वरणात कुस्करत होता, बराच वेळ कुस्करत होता. दोन घास खाऊन त्यानं हात धुतला.

"झालं बी, बा?"

"दुपारचंच अंगावर आलंया," भिवाजी म्हणाला आणि बाहेर बाजेकडे गेला.

दोन दिवसांनी, गुरुवारी, मधल्या सुट्टीत पद्माबाई हेडमास्तरांकडे गेली आणि डोकं दुखतंय म्हणून तिनं घरी जायला परवानगी मागितली. ती खोटं बोलत नसे, म्हणून त्यांनी लगेच दिली. ती मोठ्या रस्त्यानं आली नाही. हळदीच्या रानाकडून, बांधाबांधानं आली. रानात हळद शिजत होती, कढईच्या वाफेचा उग्र वास सगळ्या शिवारावर पसरला होता. घरामागं पत्र्याची न्हाणी होती. तिच्या आडोशाला ती उभी राहिली. तिथून अंगण, बाज, चुलीची पडवी आणि शालूबाईचा कूड, सगळं दिसत होतं. कुडातून एक जरी तुकडा आत पडला असता, तरी तिच्या नजरेतून सुटला नसता.

कूड शांत होता. शालूबाई घरात नव्हतीच, दाराला कडी होती.

भिवाजी बाजेवरून उठला. पडवीत जाऊन त्यानं आधी टोपलं आणलं, मग भगुणं. ढाण्या शेपटी हलवत त्याच्या पायाशी आला.

"थांब," भिवाजी म्हणाला.

पिल्लू बसलं. पद्माबाईला त्याही स्थितीत बरं वाटलं.

भिवाजीनं पितळेची वाटी घेतली. तिला ती ओळखू आली, त्याची स्वतःची रोजची वाटी. भगुण्यातल्या कण्या त्यानं त्या वाटीत ओतल्या, काठोकाठ. मग बाजेच्या कडेला बसून त्यानं एक घोट घेतला. घोट तोंडातच ठेवून त्यानं मान लांब केली, डोळे मिटले आणि उजव्या हाताची दोन बोटं गळ्यावर ठेवून हळूहळू खाली ओढली, गाईला औषध पाजताना ओढतात तशी. घोट उतरला. त्यानं श्वास घेतला. मग दुसरा. तिसऱ्याला ठसका लागला, तेव्हा वाकून बराच वेळ खोकला. वाटी मात्र त्यानं हिंदकळू दिली नाही. पिल्लू तसंच बसून होतं. ते वाट बघायला शिकलं होतं. कुणाकडून, ते पद्माबाईला आता कळलं.

वाटी संपली. मग त्यानं टोपल्यातली भाकर मोडली, बारीक बारीक तुकडे केले, कालवणात भिजवले. ठेचा शक्य तेवढा बाजूला काढला. तरी थोडा राहिला. परळ पुढं सरकवून तो म्हणाला, "घे, लेकरा. उरकून टाक."

ढाण्या तुटून पडला.

"मामा!"

ती न्हाणीआडून बाहेर आली तेव्हा तिला आपलाच आवाज ओळखू आला नाही. भिवाजी दचकला. उठायला गेला आणि पुन्हा बसला.

"तुम्ही? तुम्ही घालत होता? मी अख्ख्या आळीत तोंड वाजवलं, त्या शालूबाईला नाही नाही ते बोलले, आणि तुम्ही रोज माझ्या तोंडावर सांगत होता, परळ चाटूनपुसून ठेवलंय म्हणून!"

"ते खोटं न्हवतं," भिवाजी म्हणाला.

"आणि कुत्र्याचं खाणं खाता? या घरात? सुनेनं म्हाताऱ्याला उपाशी ठेवलं, त्यानं कुत्र्याच्या भांड्यातलं खाल्लं, असं म्हणवून घ्यायचंय का मला? त्या माणसानं हात पुसला तो काय उगीच?"

इथं मात्र भिवाजीची मान वर झाली.

"भांड्यातलं न्हाई," तो सावकाश म्हणाला. "कुत्र्याचं बी न्हाई. कुत्र्याच्या आधी. भगुण्यातून माझ्या वाटीत काढून घेतो, मंग त्याला भाकर. उष्टं न्हाई खात मी कोणाचं. तू बघितलंस आता."

त्यानं बाजेवरची रिकामी वाटी उचलून तिला दाखवली.

"भाकर उतरंना गेलीया, बाई," तो म्हणाला. "दिवाळीच्या मागंपुढं सुरू झालं. आधी भाकर अडकायची, मंग भिजवलेली बी अडकाया लागली. टाकून देणं जिवावर यायचं. हे आलं, याला घालू लागलो. लहान जीव, त्याला सोसलं न्हाई. मंग तू कण्या कराया लागलीस. एक दिस वास आला, थोड्या घेतल्या. पाण्यावानी गेल्या खाली."

"मग सांगायचं होतं! मी तुम्हाला भात घातला नसता?"

"घातला असतास. म्हणून तर."

"म्हणून तर काय?"

भिवाजीनं परळाकडे पाहिलं. पिल्लू ते आता जमिनीवरून ढकलत होतं.

"माझा थोरला भाऊ, थावरा. तू बघितला न्हाईस त्याला. त्यानं असंच एक दिस सांगितलं, भाकर उतरत न्हाई म्हणून. सांगितलं त्या दिसापसून घरातलं कोणी त्याला दुसरं काही पुसलंच न्हाई. उतरलं का, गिळलं का. नांदेडला नेलं, औरंगाबादला नेलं, आणलं. सांगायच्या आधी तो दोऱ्या वळत व्हता, बाजाराला जात व्हता, पोरांना शिव्या देत व्हता. सांगितल्यावर बाजेवरचं गाठोडं झाला. म्हटलं, जितके दिस गाठोडं व्हायचं टळतंय तितके टाळावं."

"आणि हे मरत होतं त्याचं काय?" पद्माबाईनं ढाण्याकडे हात केला. राग अजून होता, पण त्याला धरायला जागा सापडत नव्हती.

"ते माझं चुकलं," भिवाजी लगेच म्हणाला. "मिरचीचं बी तू दाखवलंस तवा लई वंगाळ वाटलं. कालपसून ठेचा काढून घालाया लागलो."

ती पुढं झाली. त्याच्या हातातली रिकामी वाटी घ्यायला गेली, आणि वाटीऐवजी तिच्या हातात त्याचं मनगट आलं. तिची बोटं त्याभोवती सहज मिटली, वर जागा उरली. सदऱ्याची बाही दंडावर सैल लोंबत होती. हा सदरा तिनंच दिवाळीला शिवून घेतला होता, मापानं. वीस दिवस ती कुत्र्याच्या बरगड्या मोजत होती.

"मीठ नव्हतं त्यात," ती एकदम म्हणाली. "कुत्र्यासाठी म्हणून मी मीठ घालत नव्हते."

"व्हय. अळणीच असतं."

"वीस दिवस?"

"चवीचं काय एवढं," भिवाजी म्हणाला, आणि पहिल्यांदाच थोडा हसला. "ताक मातर गोड असायचं."

पद्माबाई पडवीत गेली. चूल विझली होती. ती फुंकत बसली, धूर डोळ्यांत गेला, तिनं पदरानं डोळे पुसले, पुन्हा फुंकली. डब्यातल्या उरलेल्या सगळ्या कण्या तिनं भगुण्यात घातल्या.

"बाई," बाहेरून भिवाजी म्हणाला. "तात्याला सांगू नको. त्याचं काळीज हळवं हाये. रोज शंभर माणसं घेऊन फिरतो, ध्यान ठिकाणावर पाहिजे त्याचं."

"सांगणार," ती आतून म्हणाली. "मला विचारू नका. सांगणार म्हणजे सांगणार. तुम्ही मला वीस दिवस फसवलंत, मामा. माझ्याच घरात, माझ्याच हातच्या कण्यांवर. एवढा राग मला त्या मेल्या स्टॉकमनचाही आला नव्हता."

थोड्या वेळानं दोरी वळल्याचा आवाज सुरू झाला.

दिवस कलला तेव्हा शालूबाई रानातून आली. कुडावरून डोकावून तिनं विचारलं, "काय मास्तरीणबाई, सापडला का चोर?" आवाजात टोचणी होती.

पद्माबाई कुडाजवळ गेली.

"तुम्ही नव्हता," ती म्हणाली. "माझं चुकलं. वाईट बोलले मी."

शालूबाई भांडणाच्या तयारीनं आली होती. तिनं पद्माबाईच्या तोंडाकडे नीट पाहिलं, मग पलीकडं बाजेवर बसलेल्या म्हाताऱ्याकडे, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ताक पाहिजे असंल तर सांगा. सकाळचं हाये." ती आत जाऊन लोटकं भरून घेऊन आली, आणि कुडावरून देताना पुढं काही विचारलं नाही.

तातेराव अंधार पडायच्या आत आला. खाकी सदऱ्याची वरची गुंडी काढत त्यानं सवयीनं विचारलं, "काय म्हणतंय तुझं कुत्रं?"

"कुत्र्याला काही झालेलं नाही."

"म्हंजे? बरं झालं?"

पद्माबाईनं पाट मांडले. एका पाटासमोर भाकर, दुसऱ्यासमोर पितळेची वाटी, तिच्यात वाफाळणाऱ्या कण्या. मिठाची चिमूट तिनं सगळ्यांसमोर टाकली आणि बोटानं ढवळली. भिवाजी येऊन वाटीच्या पाटावर बसला. पद्माबाईच्या तोंडाकडे त्यानं पाहिलं नाही.

"बा, भाकर नको?" तातेराव म्हणाला. "बरं न्हाई का?"

त्यानं बापाकडे पाहिलं, मग बायकोकडे. त्याचा हात गुंडीवरच राहिला.

"उद्या रजा टाका," पद्माबाई म्हणाली. "पहिल्या गाडीनं नांदेडला जायचंय. मामांना घेऊन."

तातेराव हळूच खाली बसला.

"रजा," तो म्हणाला. "किती दिवसांची टाकू?"

पद्माबाईनं ताकाचं लोटकं उचललं आणि वाटीत धार धरली. भिवाजी खाली मान घालून वाटीवर फुंकर घालत होता.